कळलावी रानात शोधावी लागते आणि शिंदळ माकुडी नर्सरीत मिळते, मग या दोन वनस्पतींत दुर्मीळ कोणती?

शिंदळ माकुडीच. कुंड्या बघून ठरवाल तर फसाल.

माझ्याच गच्चीवर तिच्या तीन कुंड्या आहेत, तिन्ही एका मित्राने दिलेल्या वीतभर फांदीच्या. तुकडा वाळूत खोचला की लागतो. कोल्हापूरच्या पावसात मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, एवढंच. साचलं की सडते. माझी पहिली कुंडी अशीच गेली. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या मांसल हिरव्या कांड्या राहतात आणि पावसाळा सरताना काळपट तांबडं, पिवळ्या ठिपक्यांचं, चांदणीसारखं फूल येतं. नाक जवळ नेऊ नका, तो वास माश्यांसाठी आहे.

रानात मात्र ही फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कड्याकपारींत, शिवनेरी-सज्जनगडसारख्या मोजक्या जागी सापडते. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिला 'फ्रेरिया' हे शास्त्रीय नाव दिलं ते मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर (१८६२ ते १८६७) यांच्यावरून. जगातल्या सर्वांत संकटग्रस्त १२ वनस्पतींत आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने एकेकाळी तिची गणना केली होती. एखादा वणवा, एखादी दरड, आणि त्या कड्यावरची सगळी झाडं संपली. आणि माझ्या तीन कुंड्या म्हणजे तीन झाडं नव्हेत. एकच झाड, तीनदा. बियांतून येणारा वेगळेपणा त्यात कुठून यायचा?

कळलावी भारतभर आहे, आफ्रिकेतही आहे. झिम्बाब्वेचं तर ते राष्ट्रीय फूल. त्यामुळे आययूसीएनच्या यादीत ती सगळ्यांत कमी काळजीच्या गटात येते. तरी औषधासाठी कंद उपसून काही भागांत ती विरळ झाली आहे. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती करतात, कारण त्यांतलं कोल्चिसिन हे द्रव्य गाऊट या सांधेदुखीवर चालतं. तेच कोल्चिसिन जीवही घेतं, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर कंद आणू नका. बाळंतपणात कळा आणायला हा कंद वापरत, म्हणून कळलावी. भांडणं लावणाऱ्या कळलाव्याशी तिचा संबंध नाही, बिचारी उगाच बदनाम.

तुम्हाला ती दिसत नाही कारण वर्षातले बरेच महिने ती जमिनीखाली कंद होऊन पडलेली असते. श्रावणात पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या आसपास गाडी थांबवा आणि कुंपणं बघा. पानाचं टोक वेटोळं करून झुडपाला धरलेलं दिसलं की तीच. फूल आधी पिवळं असतं, मग लाल होत जातं.