मसुदा घेऊन निघण्याआधी

कैद्यांच्या प्रश्नांवर आमदारांकडे न्यायचा तुझा मसुदा चांगला जमलाय, पण त्यातलं जामिनाचं कलम तूर्त बाजूला ठेव. फौजदारी कायदा आणि (जामिनासकट) प्रक्रिया समवर्ती सूचीत येतात, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. केंद्राच्या कायद्याला छेद देणारी तरतूद टिकवायची तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, पण संमतीअभावी त्याचा कायदा झालाच नाही. (त्यातल्या फाशीला माझा विरोधच होता, ते सोड.) तुरुंग मात्र राज्य सूचीत, म्हणजे राज्याच्याच अखत्यारीत. मुलाखती (नातेवाइकांच्या भेटी), पॅरोल, औषधोपचार यांत पुष्कळदा नुसते नियम बदलूनही भागतं.

आमदारांना जाडजूड निवेदन देऊ नकोस. एक पान, एक मागणी, आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या कारागृहाची माहिती अधिकारातून काढलेली आकडेवारी: क्षमता किती, कैदी किती, त्यांत कच्चे कैदी (खटल्याचा निकाल न लागलेले) किती. स्वीय सहायकाशी ओळख ठेव, कागद तोच पुढे सरकवतो. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) तयारी अधिवेशनाच्या बरीच आधी लागते. फक्त विरोधी बाकांवरच्यांनाच भेटत बसू नकोस. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला येणार असशील तर राहायची सोय आत्ताच बघ, ऐनवेळी खोल्या मिळत नाहीत.