सूर कुठे थांबतो ते ऐक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. बास गिटारच्या ऑनलाइन कोर्सचे सहा धडे अकरा दिवसांत झाले, बोटांना फोड येऊन गेले, आणि तरी ‘काका, मी वाजवते तेव्हा गाणं पुढे सरकतच नाही, मी कायम मागे राहते’ असं लिहिलंयस. आणि शेवटी विचारलंयस, बास बदलू का, जरा महागातला घेऊ का?

बास अजिबात बदलू नकोस. आधी कानातली ती बिनवायरची बटणं काढ. तू लिहिलंयस की बासची वायर छोट्या डबीतून फोनला जोडतेस आणि ब्लूटूथवर ऐकतेस. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत एक ठोका असतो सहाशे मिलिसेकंदांचा. म्हणजे तू अचूक वेळेवर तार छेडलीस तरी तुला ती पाव ते एक तृतीयांश ठोका उशिरा ऐकू येते. मग हात बिचारा सावरायला बघतो, कधी घाई करतो, कधी अडखळतो, आणि तुला वाटतं आपल्यात लयच नाही. साधा वायरचा हेडफोन लाव. तुझ्या तक्रारीतला अर्धा भाग त्याच दिवशी संपेल असं मला वाटतं.

आणि फोनच्या स्पीकरवर बास ऐकून काहीही ठरवू नकोस. सगळ्यात जाड, ई या सुराची तार मोकळी छेडलीस की ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. इतका खालचा सूर त्या इवल्याशा स्पीकरला काढताच येत नाही. तुला ऐकू येतात ते त्या सुरातून आपोआप उमटणारे वरचे स्वर, तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, त्याच जातीचे. मूळ सूर ऐकलाच नाही तर तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कसं कळणार?

‘कुठे संपला’ हे मी मुद्दाम लिहिलंय. मला तुला खरं तर तेवढंच सांगायचंय.

तुझा कोर्स चांगला आहे. त्यातले सर नीट शिकवतात, हात जवळून दाखवतात. पण त्यांना तू ऐकू येत नाहीस. समोर बसलेले गुरुजी तिसऱ्याच ठोक्याला भुवई उंचावतात, आपण थांबतो. व्हिडिओतले सर तू चुकलीस तरी हसून पुढच्या धड्यावर जातात. त्यामुळे अकरा दिवसांत सहा धडे होऊ शकतात, आणि त्यातला एकही अंगात उतरलेला नसतो. ऐकण्याचं काम तिथे कुणी करत नाही, ते तुलाच करावं लागणार.

मला हे कसं कळलं ते सांगतो. विशीत असताना मी ऑर्केस्ट्रात बास वाजवायला लागलो. सिनेमातली गाणी, रात्री साडेनऊचा कार्यक्रम, तीन-चार तास सलग. मला सगळ्या गाण्यांचे सूर पाठ होते आणि त्याचा अभिमानही होता. एकदा कार्यक्रम संपल्यावर आमचे ढोलकीवाले, वयाने वडिलांएवढे, मला बाजूला घेऊन म्हणाले, “तू सूर धरतोस बरोबर, पण सोडतोस कुठेही. माझी थाप तुझ्या आवाजाखाली बुडते.” मला त्यांचं म्हणणं समजलं नाही, रागच आला. पुढच्या कार्यक्रमाला विंगेत एका खुर्चीवर कॅसेट रेकॉर्डर चालू करून ठेवला. घरी येऊन पहाटे ऐकलं. माझा प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत ओघळत गेला होता. मी ए तार वाजवत होतो आणि खाली मोकळी ई तार तशीच गुरगुरत होती. ढोलकीची धुमाकडची प्रत्येक थाप त्या गुरगुरीत बुडालेली. चूक एकाही सुराची नव्हती, आणि गाणं मात्र चिखलात चालल्यासारखं वाटत होतं.

तू तबल्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यास, म्हणून तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. केरवा म्हण. धा गे ना ती, ना क धी ना. आता फक्त डग्ग्याकडे लक्ष दे. ‘धा’ आणि ‘गे’ला तो घुमतो, मग मागे सरतो. ‘क’ला तळहात पडतो आणि तो बंद होतो. ‘धी’ला पुन्हा उघडतो. केरव्याची चाल कशात आहे? डग्गा उघडतो यात जितकी आहे तितकीच तो बंद होतो यातही आहे. डग्गा सगळ्या आठ मात्रा घुमत ठेव, केरवा राहतच नाही. बासचं काम हेच. तुझ्याकडे डग्गा आहे आणि त्यात सूरही आहे.

तेव्हा आता दुसऱ्या धड्याकडे परत जा. मेट्रोनोम, ते ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर लाव. डाव्या हाताची तर्जनी ईच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीला ठेव, तो जी सूर झाला. चार ठोके जी वाजव, मग शेजारच्या ए तारेवर तिसऱ्याच फ्रेटला चार ठोके सी. बस, दोनच सूर. पहिले पाच मिनिटं प्रत्येक सूर पुढच्या ठोक्याला जाऊन टेकेपर्यंत पूर्ण धर. पुढची पाच मिनिटं प्रत्येक सूर ठोक्याच्या बरोबर निम्म्यावर बंद कर. ‘एक आणि दोन आणि’ मोज. ‘एक’ला सूर, ‘आणि’ला शांतता. ही शांतता ठोक्याइतकीच नेमकी पडायला हवी. हे दिसायला बालवाडीचं आहे, पण पहिल्या आठवड्यात जमणार नाही, आणि त्यात तुझं काही चुकतंय असं नाही.

सूर बंद करायचा म्हणजे बोट उचलायचं नाही. बोट झटकन उचललंस तर मोकळी तार बोलते. बोटाचा दाब फक्त सैल कर, फ्रेटपासून तार सुटू दे, पण बोट तारेवर पडलेलं राहू दे. उरलेली तीन बोटंही तारांवर आडवी टेकलेली असू देत. उजव्या हाताला, ए तार छेडल्यावर बोट हवेत न जाऊ देता शेजारच्या जाड ईवर येऊन थांबू दे. आणि अंगठा? ई वाजवताना तो पिकअपवर, तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीवर टेकलेला असेल. ए आणि त्यापुढच्या तारांवर गेलीस की त्यालाही सरकवून ईवर टेकव, म्हणजे ती गप्प राहील. सुरुवातीला आवाज काढायला जेवढी मेहनत लागते त्याहून जास्त नको असलेला आवाज दाबायला लागते. कोर्समध्ये हे चौथ्या धड्यात दोन वाक्यांत येऊन गेलं असेल, तू पुन्हा बघ.

मनगट दुखतं म्हणालीस. पहिल्या फ्रेटपाशी चार फ्रेटना चार बोटं ताणून ठेवण्याचा हट्ट सोड. तुझ्या बासच्या मोकळ्या तारेची लांबी नेहमीची 34 इंची, म्हणजे पहिलाच फ्रेट नटपासून, मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, पावणेपाच सेंटिमीटरांहून जास्त लांब. तुझा हात लहान आहे. पाचव्या फ्रेटच्या आसपास हेच अंतर चार सेंटिमीटरांच्या आत येतं, तिथे सराव कर. खाली यायचंच झालं तर अनामिका आणि करंगळी एकाच सुरावर एकत्र दाब. डबल बास हे मोठं, उभं वाद्य वाजवणारे असंच करत आलेत. दुखलं की थांब. दुखणं सहन करून हात तयार होत नाही, बिघडतो.

एका बोटाने वाजवू की दोन, पिकने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने वाजवलं तर चालेल का, यावर तुझं निम्मं पान गेलंय. जेम्स जेमर्सन हे नाव शोधून ऐक. 1960च्या दशकात डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याने शेकडो गाण्यांना बास दिला, तोही उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने. वर्षानुवर्षं त्या तबकड्यांवर त्याचं नावही छापलं जात नव्हतं. त्याच काळात लॉस एंजेलिसला कॅरल के होती, मूळची गिटारवादक. ती पिकने वाजवायची आणि स्टुडिओत तिला सतत बोलावणं असायचं. दोघांचे हात एकमेकांसारखे नाहीत, आणि तुझ्या कोर्समधल्या सरांसारखेही नाहीत. त्यांचं एखादं गाणं घे आणि फक्त एवढं ऐक, सूर किती वेळ धरलाय. दोन बोटांनी शिकायला सुरुवात केलीस ते बरोबरच आहे, तेच चालू ठेव, पण त्या प्रश्नात रात्री जागू नकोस.

मोहिनी डेचे व्हिडिओ बघून तू या वाद्याकडे वळलीस याचा मला खूप आनंद आहे. मुंबईतली मुलगी, वडील बासवादक, अगदी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली तयार झालेली. तिचा वेग बघतेस तेव्हा त्या वेगातही एकेक सूर कसा सुटा, कापून ठेवल्यासारखा येतो ते बघ. आणि घरातल्या गाण्यांत ऐकायचं असेल तर ए. आर. रहमानच्या गाण्यांत किथ पीटर्सने वाजवलेला बास ऐक. वायरच्या हेडफोनवर, डोळे मिटून, एकच गाणं आठवडाभर.

आता काम. रोज वीस मिनिटं, जी आणि सी. सातवा धडा उघडायचा नाही. प्रत्येक वेळी शेवटची दोन मिनिटं रेकॉर्ड कर आणि लगेच ऐकू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक, हातात बास नसताना. वाजवताना आपण बोटांकडे बघत असतो, कान मोकळा नसतो. सकाळी तो मोकळा असतो. जे ऐकू येईल ते एका ओळीत वहीत लिही. ‘सी लांबला’, ‘तिसऱ्याला घाई’, एवढंच पुरे.

पुढच्या शनिवारी त्यातलं एक रेकॉर्डिंग मला पाठव. सगळ्यात चांगलं निवडू नकोस, बुधवारचं पाठव, जसं असेल तसं. सोबत फक्त मेट्रोनोम हवा, कोर्समधलं संगीत मागे लावू नकोस; त्यात सगळं झाकून जातं. मी ऐकून फोन करतो, मग ठरवू सातव्या धड्याचं.

आणि एक. पाऊस सुरू झालाय, वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पूस, खालून बोट घालून दोन्ही बाजूंनी. बास खिडकीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, दमट हवेने मान वाकते. तारा अचानक उंच वाटल्या किंवा खडखडायला लागल्या तर मानेतला रॉड स्वतः फिरवू नकोस. आमच्याकडे घेऊन ये, मी ज्यांच्याकडून माझा करून घेतो त्यांच्याकडे आपण दोघं जाऊ.

तुझा,
काका