डोळ्यांवर संशोधन करायचं, तर आधी डॉक्टर व्हायला हवं का?

पत्र: मी बारावीत आहे. आजीला मधुमेहामुळे दृष्टिपटलाला सूज आली आहे आणि तिला डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात. औषध नेमकं काय करतं, असं मी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "पेशींना जाणारा एक निरोप अडवतं." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मला पेशींच्या संदेशवहनावर आणि डोळ्यांच्या आजारांवर संशोधन करायचंय. बाबा म्हणतात, डोळ्यांची आवड आहे तर नेत्रतज्ज्ञ हो. गणित मला जेमतेम येतं. काय करू?

उत्तर: इंजेक्शन दुखतं का, हे बहुतेक नातवंडं विचारतात. ते काय करतं, हे तू विचारलंस. म्हणून आधी त्या निरोपाचीच गोष्ट सांगतो.

प्राणवायू कमी पडला की दृष्टिपटल स्वतःच एखादा पदार्थ सोडत असावं आणि त्यामुळे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात, असा तर्क आयझॅक मायकलसन या नेत्रतज्ज्ञांनी १९४८ मध्ये मांडला. पदार्थ कोणता, ते कळायला चाळीस वर्षं गेली. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन, म्हणजे रक्तवाहिन्यांना वाढायला आणि झिरपायला सांगणारा निरोप, वेगळं केलं. तेही गाईच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या पेशींमधून! डोळ्याचा तिथे काही संबंधच नव्हता. हाच निरोप दृष्टिपटलातही घोटाळा करतो, हे पुढे उघड झालं. तो अडवणारं रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ मध्ये अमेरिकेत आधी म्हातारपणीच्या मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) आजारासाठी मंजूर झालं, मधुमेहातल्या सुजेसाठी नंतर.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. डोळा आत्तापासून घट्ट धरून बसू नकोस. पदवीला जीवरसायन किंवा पेशीजीवशास्त्र घे आणि ग्राहक प्रथिनं, किनेझ, जी-प्रथिनं, म्हणजे पेशीत निरोप घेणारी आणि पुढे पोचवणारी प्रथिनं, मन लावून शीक. डोळा त्यातच भेटेल. प्रकाश पडल्यावर दृष्टिपटलातलं रोडॉप्सिन हे ग्राहक प्रथिन जागं होतं, ते ट्रान्सड्युसिन या जी-प्रथिनाला जागं करतं, मग पेशीतलं सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू घटतो आणि आयनांचे मार्ग बंद होतात. तू हे वाचत असतानाही तुझ्या डोळ्यात हेच चाललंय. काचबिंदूतलं नेटारसुडिल हे औषधही निरोपांच्या साखळीतल्या रो-किनेझ नावाच्या एका दुव्यावर काम करतं. पाठ्यपुस्तकातलं कंटाळवाणं वाटणारं प्रकरण आणि दवाखान्यातली बाटली यांत इतकंच अंतर आहे.

बाबांचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. फेरारा स्वतः वैद्यकीय पदवीधर आहेत. वैद्यकीय शिक्षण घेऊन संशोधनाकडे वळता येतं, आणि रुग्ण रोज समोर असले की कोणता प्रश्न खरा हे लवकर कळतं. पण मग दिवसाचा बराच भाग तपासण्या आणि शस्त्रक्रिया घेतील, आणि ते आवडायला हवं. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. बाबांना खरी काळजी पैशाची असेल, तर ती रास्त आहे: पदवी, पदव्युत्तर, पीएचडी आणि त्यानंतरची तात्पुरती संशोधनपदं मिळून दहा-बारा वर्षं सहज जातात, आणि या काळात डॉक्टर झालेले मित्र पुढे गेलेले दिसतात. हे आधीच मान्य करून निघ.

गणिताचं म्हणशील तर प्रमेयांवाचून अडणार नाही, संख्याशास्त्रावाचून अडेल. औषधाची मात्रा वाढवली की पेशींचा प्रतिसाद कसा बदलतो, दिसलेला फरक खरा की योगायोग, हे आकड्यांतूनच ठरतं. सूक्ष्मदर्शकातली शेकडो चित्रं मोजायला थोडं पायथन (संगणकाची एक भाषा) शीक. 'जेमतेम' चालणार नाही, पण दोन वर्षांत सुधारता येईल.

अभ्यासाहून अवघड आहे ते अपयश पचवणं. तीन आठवडे वाढवलेल्या पेशींत बुरशी शिरते. चाचणीत ज्या प्रथिनाची पट्टी दिसायला हवी ती दिसत नाही, आणि चूक आपली की कल्पनेची, तेही कळत नाही. माझ्याकडे पीएचडी अर्धवट सोडून आलेली हुशार मुलं बुद्धीत कमी नव्हती, त्यांना या अनिश्चिततेनं थकवलं होतं. म्हणून पदवीच्या पहिल्याच सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत सहा आठवडे काढ. पिपेट धर, पेशी मोज, काचेची भांडी धू. घरी परतल्यावर बिघडलेल्या प्रयोगाबद्दल बोलावंसं वाटतंय का, ते बघ.

आजीच्या पुढच्या इंजेक्शनाला तिच्यासोबत जा आणि डॉक्टरांना आणखी एक विचार: निरोप अडवला, तरी सूज काही आठवड्यांनी परत का येते, आणि काहींना औषधाचा फारसा गुण का येत नाही? उत्तराचा काही भाग ते सांगतील. उरलेल्या भागावर आज अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे. तो भाग ऐकून काय वाटलं, ते मला कळव.