चौथीतला मुलगा, दोन वर्षांची शाळा

"मॅडम, लेकराचं डोकं कमी हाय का, तेवढं सांगा."

खुर्चीत बसायच्या आधीच आईनं विचारलं. हातात वर्गशिक्षकांची चिठ्ठी होती: चौथीत आहे, वाचता येत नाही, वर्गात झोपतो, मारामारी करतो, दुसऱ्यांचे डबे खातो, बुद्ध्यांक तपासून घ्यावा. बीड जिल्ह्यात काम करताना हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. मुलाला आपण गणेश म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चिठ्ठीत बुद्ध्यांक म्हटलं होतं म्हणून मी मुकाट्यानं चाचणी काढली. माझी चूक इथंच झाली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. गणेश एकदा ठोकळ्यांकडे बघायचा, एकदा दाराकडे. "झालं का?" असं त्यानं तीनदा विचारलं. गुण अर्थातच कमी आले. सगळं आवरल्यावर मला विचारायचं सुचलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"च्या."

"आणि रात्री?"

तो आईकडे बघायला लागला. बुद्ध्यांकाचा तो आकडा मी अहवालात लिहिला नाही.

निघता निघता आईनं आणखी एक तक्रार केली. "पाटीवरच्या पेन्सिली खातो हो. लिहील कशानं?" शिक्षकांच्या चिठ्ठीत नसलेली ही गोष्ट सगळ्यात कामाची निघाली. माती, खडू, पेन्सिल खाणाऱ्या मुलाच्या अंगात पुष्कळदा लोह कमी असतं. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.१ भरलं. या वयाला ते निदान ११.५ हवं. यात गणेश एकटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली जवळपास ६९ मुलं रक्तक्षयी आढळली होती. रक्त कमी असलेलं मूल लवकर थकतं, त्याचं लक्ष टिकत नाही. बघणाऱ्याला तो आळस वाटतो.

पुढच्या भेटीची तारीख आईनं चुकवली. त्याच्या पुढचीही. फाइलवर मी 'पालक उदासीन' असं लिहूनही टाकलं होतं. मग तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवला. तेच शेतकरी, त्याच प्रकारच्या कोड्यांमध्ये, ऊस जाण्याआधी पैशाची ओढाताण असताना मागे पडले आणि पैसे हाती आल्यावर पुढे गेले. ते तर ऊस पिकवणारे होते. इथं माझ्यासमोरची बाई ऊस तोडणारी, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, न फिटलेली. तिच्या डोक्यात माझी तारीख राहावी कुठं? ते दोन शब्द खोडले आणि भेट तिच्या बाजाराच्या दिवशी ठेवली.

त्या दिवशी कागदावर बारा चौकोन काढून आम्ही गणेशचं एक वर्ष मांडलं. दिवाळी झाली की कोयता निघतो, म्हणजे आईबाप ऊसतोडीला जातात, गणेशही सोबत. परत येईस्तोवर गुढीपाडवा उजाडतो. दुसरं सत्र दरवर्षी बुडालेलं. पहिलीपासून जोडत गेलो तर चौथीतल्या या मुलाची शाळा जेमतेम दोन वर्षांची भरली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. आई कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. "म्हंजी त्याला दुसरीचं येतंय, ते बराबरच हाय की!"

बरोबरच होतं. मी गणेशला विचारलं, "टनाला ३६६ रुपये, दोन टन तोडला तर?" "सातशे बत्तीस." बोटंसुद्धा मोजली नाहीत.

बाकीच्या तक्रारींचा उलगडा फडावरच्या, म्हणजे तोडणीच्या उसातल्या, दिवसातून झाला. आईबाप पहाटेच फडात, रात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठायचं. कोपीत, त्या तात्पुरत्या झोपडीत, झोप कसली लागणार? धाकटी बहीण याच्याच कडेवर. मारामारी तो कुणी 'ऊसतोड्या' म्हटलं तरच करायचा. आणि डबे? दप्तरात तळाशी कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी सापडली, दोन दिवसांची. पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसेल तर समोर दिसेल ते खाऊन घेणं आणि उरेल ते लपवणं हे शहाणपण आहे. शाळेत त्यालाच चोरी म्हणतात.

डॉक्टरांनी लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या दिल्या. जेवणासोबतचा चहा बंद केला, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. वर्गशिक्षक भले निघाले. त्याला सगळ्यांसमोर वाचायला उभं करणं त्यांनी थांबवलं, रोज अर्धा तास दुसरीचं पुस्तक घेऊन बसले आणि खिचडी वाढायचं काम गणेशकडे दिलं. वाढणाऱ्याला शेवटी आपल्याला उरेल याची खात्री असते. महिन्याभरात डबे गायब होणं जवळपास थांबलं. जोडाक्षरांना मात्र दिवाळी उजाडली, आणि हात अजूनही उठतोच अधूनमधून.

खरी अडचण दिवाळीनंतर होती. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. मूल आजीकडे राहिलं तर दोन वेळचं जेवण तिथं मिळतं. वडील आधी नाहीच म्हणाले. "हा हितं ऱ्हायला तर बारकीला कोण बघंल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अंगणवाडी गावात, फड तीनशे किलोमीटर लांब.

शेवटी गणेश राहिला. मार्गशीर्षात आईचा फोन आला. आधी त्याचं जेवण, मग वाचन, सगळं विचारून झालं. मी बारकीचं विचारलं.

"हाय की. फडाच्या कडंला झोळी बांधलीय," आई म्हणाली. "मधूनमधून जाऊन बघती."