वीज आली, पण डेस्कटॉप आला नाही

प्रश्न : आमच्या सेवा सहकारी संस्थेच्या कार्यालयात विंडोज १० असलेले चार संगणक आहेत. सभासदांच्या खात्यांचे फोल्डर गटसचिवांच्या संगणकावर असून उरलेल्या तीन संगणकांना ते झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले आहे. लाइन जाऊन आली की हे तिन्ही संगणक सुरू होतात, पण डेस्कटॉपवर आयकॉन उमटत नाहीत, टास्कबार गोठतो आणि निळे चक्र फिरत राहते. दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा विंडोज नव्याने टाकली. दुसऱ्या वेळी डेस्कटॉपवरच्या पीककर्जाच्या याद्या गेल्या. दोष कुठे असावा?
— एक लिपिक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रातील ‘तिन्ही’ या शब्दातच दोषाचा माग आहे. विंडोज बिघडते ती एकेका संगणकाची. तीन संगणक एकाच वेळी अडतात, तेव्हा दोष त्यांच्या सामाईक वाटेवर शोधावा. आयकॉन, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या ही सगळी कामे विंडोजमध्ये एक्सप्लोरर हा एकच प्रोग्राम करतो. डेस्कटॉपवर झेड ड्राइव्हमधील फाइलींचे शॉर्टकट असतील, तर त्यांची चित्रे काढण्यासाठी तो गटसचिवांच्या संगणकाकडे विचारणा करतो आणि तो संगणक, राउटर किंवा स्विच (संगणकांच्या नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) अजून पुरता सुरू झालेला नसेल, तर उत्तराची वाट पाहत तिथेच खोळंबतो.

खात्री करणे सोपे आहे. पुढच्या वेळी एका संगणकाच्या मागची नेटवर्कची केबल, तिच्या टोकाची प्लास्टिकची जीभ अंगठ्याने दाबून, अलगद काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. डेस्कटॉप झटकन आला, तर दोष बहुधा हाच. अडलेल्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीतील ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडावे आणि ‘रीस्टार्ट’ करावे. पुष्कळदा एवढ्याने काम भागते.

कायमच्या उपायात क्रमाला महत्त्व आहे. आधी राउटर व स्विच, मग गटसचिवांचा संगणक, आणि तो लॉगिनपर्यंत आल्यावरच बाकीचे तीन सुरू करावेत. राउटर, स्विच आणि गटसचिवांचा संगणक यांना यूपीएस दिल्यास लाइनच्या लहानसहान खंडांत ही वेळच येणार नाही. खरिपाच्या कर्जवाटपाच्या दिवसांत हा खर्च मला अत्यावश्यक वाटतो. झेड ड्राइव्ह आयपी क्रमांकाने (नेटवर्कवर संगणक ओळखण्याच्या क्रमांकाने) जोडलेला असेल, तर राउटरमध्ये गटसचिवांच्या संगणकाचा क्रमांक कायम करून घ्यावा, कारण राउटर बंद होऊन सुरू झाल्यावर तो बदलू शकतो. एखाद्या संगणकाचा क्रमांक १६९.२५४ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून क्रमांक मिळालेला नाही. अशा वेळी प्रथम केबल आणि स्विचवरचा दिवा पाहावा. झेड ड्राइव्हचे शॉर्टकट डेस्कटॉपवरून काढून एका साध्या फोल्डरमध्ये ठेवावेत.

याद्या गेल्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या दोषासाठी विंडोज नव्याने टाकण्याची गरजच नव्हती. डेस्कटॉपवरची फाइल त्याच संगणकाच्या सी ड्राइव्हमध्ये असते, त्यामुळे सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की तीही जाते. फॉरमॅट न करता विंडोज टाकली असेल, तर सी ड्राइव्हमधील ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात, ‘यूजर्स’मधील आपल्या नावाखाली जुना डेस्कटॉप सापडू शकतो. मात्र तो फोल्डर काही दिवसांनी आपोआप पुसला जाऊ शकतो, म्हणून हे उत्तर वाचताच आधी तो उघडून पाहावा आणि याद्या मिळाल्यास लगेच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.