‘रोमनेस्क’ चर्चला ‘रोमन’ म्हणावे का?

फ्रान्समधील तुलूझ शहराच्या एका मराठी प्रवासवर्णनात सँ सेर्नँ या चर्चचा उल्लेख ‘रोमन शैलीचे चर्च’ असा आला आहे. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य पाचव्या शतकातच लयास गेले असताना अकराव्या शतकात उभारणी सुरू झालेल्या वास्तूला हे विशेषण कसे लागू पडते, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

शंका रास्त आहे. येथे ‘रोमनेस्क’, म्हणजे पश्चिम युरोपातील अर्धगोल कमानींची मध्ययुगीन शैली, हाच शब्द हवा. फ्रेंच भाषेत प्राचीन रोमच्या वास्तूसाठी ‘रोमेन’ आणि या मध्ययुगीन शैलीच्या चर्चसाठी ‘रोमान’ अशी दोन वेगळी विशेषणे आहेत. जर्मनमध्येही हा भेद आहे. मराठीत मात्र दोन्हींसाठी ‘रोमन’ लिहिले की साधारण सहाशे-सातशे वर्षांचे अंतर एका शब्दात बुजून जाते.

या शब्दाची जन्मकथा भाषाप्रेमींनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे, कारण तो वास्तुकलेत आला तोच भाषाविचारातून. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील पुरातत्त्वप्रेमी शार्ल द झेर्व्हिल यांनी डिसेंबर १८१८ मध्ये आपले मित्र ओग्युस्त ल प्रेव्हो यांना लिहिलेल्या पत्रात हे नाव सुचवले. तोवर अशा जाड भिंतींच्या, अर्धवर्तुळाकार कमानींच्या इमारतींना कोणी ‘सॅक्सन’, कोणी ‘नॉर्मन’ म्हणत असे. झेर्व्हिल यांचे म्हणणे असे की, लॅटिन भाषा लोकांच्या तोंडी बदलत जाऊन जशा रोमान्स भाषा झाल्या, तशीच रोमन बांधकामपद्धती आपल्या पूर्वजांच्या हातून बिघडत जाऊन ही शैली झाली. म्हणून दोन्हींचे नाव एकच असावे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आर्सिस द कोमाँ यांनी पुढे ते नाव रूढ केले. इंग्रजीत विल्यम गन यांच्या १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून ‘रोमनेस्क’ हे रूप पुढे आले. त्यातील ‘-एस्क’ हा प्रत्यय ‘त्या वळणाचा’ असा अर्थ देतो.

सँ सेर्नँ हे नावच या उपमेचा दाखला आहे. तुलूझचे पहिले बिशप सातुर्निनुस यांना तिसऱ्या शतकाच्या मध्यास हौतात्म्य आले. बैलाला बांधून त्यांना फरफटत नेले, अशी परंपरा सांगते. ‘सातुर्निनुस’ हे लॅटिन नाव लोकांच्या बोलण्यात झिजत ‘सेर्नँ’ झाले. आपल्याकडे ‘हस्त’चा ‘हात’ आणि ‘कर्ण’चा ‘कान’ झाला, तीच ही तद्भव होण्याची रीत. चर्चच्या दक्षिणेकडील दाराचे ‘मियेजव्हिल’ हे नावही ‘शहराचा मध्य’ या अर्थाच्या ऑक्सितान शब्दांतून आले आहे, आणि ऑक्सितान ही त्या प्रदेशाची स्वतःची रोमान्स भाषा आहे.

मात्र झेर्व्हिल यांच्या व्याख्येतील ‘बिघडणे’ मला मान्य नाही. प्राकृताला अशुद्ध संस्कृत समजण्यासारखाच तो अन्याय आहे. सँ सेर्नँ पाहिले की तो ठळकपणे जाणवतो. सुमारे ११५ मीटर लांबीची ही वास्तू स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर आहे, आणि तिची आखणी यात्रेकरूंची गर्दी गृहीत धरूनच केलेली आहे. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उपदालने असून, वेदीच्या मागून फिरणारा प्रदक्षिणामार्ग आणि त्यावर उघडणारी पाच लहान प्रार्थनागृहे यांमुळे मुख्य उपासनेत व्यत्यय न आणता लोकांना पवित्र अवशेषांचे दर्शन घेत पुढे सरकता येत असे. मधल्या दालनावर सलग अर्धगोल कमानी छत आहे. अशा छताचा भार भिंतींना बाहेरच्या बाजूला रेटत असतो. तो रेटा उपदालनांवरील सज्जांची पाव-वर्तुळाकार छते झेलतात. त्याची किंमत उजेडाने मोजावी लागली, कारण सज्जे मध्ये आल्यामुळे मधल्या दालनाला थेट खिडक्या ठेवता आल्या नाहीत आणि प्रकाश आडवाटेनेच आत येतो. येथे रोमन अर्धगोल कमान आहे, आणि वीटकामाची स्थानिक परंपराही रोमन काळापर्यंत मागे जाते. पण सर्व घटकांची जुळणी मध्ययुगाची आहे. पहिल्या धर्मयुद्धाची हाक देत फ्रान्समध्ये फिरणाऱ्या पोप दुसरे अर्बन यांनी २४ मे १०९६ रोजी या चर्चचे पवित्रीकरण केले तेव्हा बांधकाम पुष्कळ बाकी होते. अष्टकोनी मनोऱ्याचे वरचे दोन मजले तर तेराव्या शतकातील असून तेथे अर्धगोल कमानींची जागा त्रिकोणी माथ्यांनी घेतली आहे.

तेव्हा मराठीत ‘रोमनेस्क’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘साधारणतः इ.स. १००० ते १२०० या काळातील, अर्धगोल कमानींची पश्चिम युरोपीय शैली’ एवढा खुलासा जोडावा. ‘रोमनसदृश’ हा पर्याय काही जण सुचवतात, पण त्यातून नक्कल केल्याचा भास होतो. तुलूझविषयी लिहिताना तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी, कारण त्या शहरात खऱ्या रोमन तटबंदीचे आणि रंगमंडलाचे अवशेष आहेत, आणि ‘रोमन’ हे विशेषण तेथे त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागते.