सरकारी शाळांत धार्मिक चिन्हांवर बंदी असावी का?

सरसकट बंदी नको, असं माझं मत. कारण फ्रान्सच्या १५ मार्च २००४ च्या कायद्यात दिसतं. तो फक्त सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना लागू आहे. विद्यापीठं आणि खासगी शाळा त्याच्या बाहेर. हिजाब, किप्पा (ज्यूंची छोटी टोपी), मोठा क्रॉस अशी 'ठळक' धार्मिक चिन्हं चालत नाहीत. गळ्यातला छोटा क्रॉस चालतो. शिस्तभंगाच्या कारवाईआधी विद्यार्थ्याशी बोलणं कायद्यानेच सक्तीचं आहे, हा त्यातला शहाणपणाचा भाग.

घोळ होतो तो 'ठळक' कशाला म्हणायचं इथे. क्रॉस सदऱ्याआड जातो, पगडी कुठे लपवणार? पगडीऐवजी लहान केसकी (केस झाकणारं छोटं कापड) बांधणाऱ्या शीख मुलालाही शाळेतून काढलं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्याच्या हक्कांचा भंग झाल्याचं म्हटलं. २०२३ मध्ये फ्रान्सच्या सरकारी शाळांत अबायावर, म्हणजे मुस्लिम मुली घालतात त्या लांब सैल झग्यावर, बंदी आली, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलूनही धरली. आता लांब झगा साधा की धार्मिक, हे फाटकावर मुख्याध्यापकांनी ओळखायचं!

शिक्षकांवर बंधन समजण्यासारखं आहे, ते सरकारचे प्रतिनिधी असतात. मुलांसाठी मात्र चेहरा दिसावा आणि प्रयोगशाळेत, खेळाच्या तासाला कापड लोंबू नये, एवढे नियम पुरेत.